कवळी : तक्रारी आणि त्यांचे निवारण

(रुग्णालयाच्या ज्येष्ठ नागरिक आरोग्य मेळाव्यात दंतविभागातर्फे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. आज बहुतेक घरांत चणे आहेत आणि गेलेल्या दातांची उणीव कवळीने भरून काढण्याची सोयही आहे. असे असूनही, कवळी जवळ असताना चणे तर सोडाच, पण साधी भाकरीही खाऊ न शकणारी माणसे आमच्या विभागात नित्य येतात. आणि जी येतच नाहीत, त्यांची संख्या याहून मोठी असावी. आजचे हे चार शब्द मुख्यतः त्या न येणाऱ्यांसाठी आहेत.

प्रारंभी आमच्याच एका चुकीची कबुली देणे आम्हांस योग्य वाटते. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका गावी आमच्या विभागाने कवळ्यांचे शिबिर घेतले होते. मापे घेतली, कवळ्या तयार करून आणल्या, बसवून दिल्या, छायाचित्रे काढली आणि समाधानाने परतलो. पुढील वर्षी नेत्रतपासणी शिबिराच्या निमित्ताने पुन्हा त्याच गावी जाणे झाले. रांगेत एक बाबा बोळक्या तोंडाने बसलेले दिसले. आम्ही ओळखले आणि विचारले, “बाबा, दात कुठे आहेत?” ते म्हणाले, “हायेत ना साहेब, घरी डब्यात हायेत. लई जपून ठेवलेत. लग्नाकार्याला लावतो.” घरी जाऊन पाहिले, तर देवाच्या फळीवर स्टीलच्या डब्यात, स्वच्छ रुमालात गुंडाळलेली कवळी होती. वापर जवळजवळ शून्य. खालच्या कवळीची एक कड हिरडीत रुतत होती, एवढेच कारण. ती कड घासून देण्याचे काम दहा मिनिटांचे होते. परंतु “साहेबांनी एवढी फुकट करून दिली, आता तक्रार कशी करायची?” असे त्यांना वाटले, आणि तक्रार नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे आम्हांस वाटले. मधले वर्षभर बाबांनी भाकरी दुधात भिजवून, न चावता गिळली.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे. कवळी हाती देणे ही उपचाराची समाप्ती नव्हे, आरंभ आहे. कवळीच्या बहुतेक तक्रारींवर उपाय आहे. मात्र तक्रार घेऊन येणारा माणूस हवा आणि ती ऐकून घेणारा दंतवैद्य हवा.

कवळी म्हणजे दात नव्हेत

कवळीविषयीच्या निराशेचे मूळ पुष्कळदा चुकीच्या अपेक्षेत असते. आपला नैसर्गिक दात जबड्याच्या हाडात मुळाने रोवलेला असतो. कवळी ही हिरडीवर नुसती टेकलेली असते. झाड आणि कुंडी यांत जो फरक, तोच येथे आहे. पूर्ण कवळीने चावताना जो जोर लावता येतो, तो नैसर्गिक दातांच्या जोराच्या साधारण चौथा हिस्सा, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. तेव्हा कवळी लावल्यावर पंचविशीत फोडलेली सुपारी पुन्हा फुटेल, ही आशा सोडावी. पण पोळी, भाजी, उसळ, मऊ भाकरी, फळे हे सारे नीट खाता यावे, ही अपेक्षा अवश्य ठेवावी.

दुसरा प्रश्न हमखास विचारला जातो : “वरची कवळी घट्ट बसते, मग खालचीच का हलते?” दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहज सुटत नाहीत. वरची कवळी संपूर्ण टाळू व्यापते आणि मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे अशीच धरून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालाच्या आकाराची असते. तिला आधाराची जागा थोडी, मध्ये सतत हलणारी जीभ आणि बाहेरून गाल व ओठ यांचे स्नायू. त्यामुळे खालची कवळी वरच्याइतकी घट्ट कधीच बसत नाही. जिभेने तिला ढकलायचे नाही, तर सांभाळायचे, हे जिभेला शिकवावे लागते. ते शिक्षण काही आठवड्यांचे आहे.

हे दुखणे आपलेच आहे असेही नाही. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या लाकडी होत्या ही केवळ दंतकथा आहे. प्रत्यक्षात त्या हस्तिदंत, जनावरांचे व माणसांचे दात आणि धातू यांच्या बनविलेल्या होत्या व वरचा-खालचा भाग स्प्रिंगने जोडलेला असे. एवढ्या मोठ्या पदावरील माणसाला आयुष्यभर कवळीचा जाच झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कडक केलेल्या रबराच्या कवळ्या आल्या आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून ॲक्रिलिक वापरात आले. आज आपण वापरतो त्या बहुतेक कवळ्या ॲक्रिलिकच्याच असतात. त्या हलक्या आहेत, दिसायला हिरडीसारख्या आहेत आणि मुख्य म्हणजे त्या घासून, भरून, सांधून दुरुस्त करता येतात. वॉशिंग्टनला जी सोय नव्हती, ती आपल्याला आहे. तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

पहिला महिना

नवी कवळी तोंडात आली की तोंडाला वाटते, काहीतरी खायला आले आहे. साहजिकच लाळ सुटते. पहिले काही दिवस ती वारंवार गिळावी. हळूहळू ती आपोआप कमी होते. काहींना वरच्या कवळीच्या मागच्या कडेमुळे ओकारी आल्यासारखे होते. अशा वेळी तोंड मिटून नाकाने संथ श्वास घ्यावा, प्रथम थोडा थोडा वेळ कवळी लावावी आणि वेळ वाढवीत न्यावी. आठवड्याभरात हा त्रास थांबला नाही, तर कड लांब आहे किंवा कवळी सैल आहे असे समजून दाखवायला यावे.

बोलताना ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘व’ ही अक्षरे अडखळतात. घरातील नातवंडे हसतात आणि आजी बोलायचेच सोडते, असे आम्ही पाहिले आहे. यावर औषध एकच : मोठ्याने वाचन. सकाळचे वर्तमानपत्र, हरिपाठ, मनाचे श्लोक, जे आवडेल ते रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे. आरशासमोर बसून वाचल्यास अधिक चांगले. नातवंडांना हसू द्यावे, पण वाचन थांबवू नये.

खाण्याच्या बाबतीत घाई करू नये. पहिले दिवस मऊ भात, वरण, खिचडी, लापशी, उकडलेला बटाटा. त्यानंतर पोळीचे लहान तुकडे आमटीत भिजवून. भाकरी, विशेषतः बाजरीची, कुस्करून कालवणात किंवा दुधात काला करून खावी. पुढे सवय झाली की पापुद्रा काढून लहान तुकड्यांनी. घास एकाच बाजूला न धरता दोन्ही बाजूंच्या दाढांखाली थोडा थोडा ठेवून चावावा. एका बाजूने चावले की दुसरी बाजू उचलली जाते, आणि ‘कवळी नाचते’ अशी तक्रार सुरू होते. पुढच्या दातांनी पेरू, मक्याचे कणीस किंवा ऊस तोडू नये; फळ सुरीने चिरून दाढांखाली द्यावे.

आपल्या नाशिककरांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. मिसळ सोडावी लागेल का, असे आम्हांस विचारले जाते. सोडू नये; पाव रश्श्यात बुडवावा, शेव-फरसाण मऊ होऊ द्यावे आणि तोंडात जखम असताना मात्र तिखट टाळावे. द्राक्षे बिनबियांची असली तर अर्धी करून खावीत. पेरूच्या बिया, तीळ, खसखस हे बारीक दाणे कवळीखाली शिरतात आणि खडा टोचावा तसे टोचतात. ते खाल्ल्यावर कवळी काढून चूळ भरावी, म्हणजे झाले.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. वरच्या कवळीने टाळू झाकला गेल्याने चहाचा कढतपणा लगेच कळत नाही आणि घशाला पोळते. चहा बशीत ओतून, निववून घ्यावा. चव गेल्याची तक्रारही प्रारंभी असते. चव मुख्यत्वे जिभेला कळते, त्यामुळे सवय झाली की जेवणाची गोडी बरीचशी परत येते.

टोचणे, रुतणे, जखम होणे

नव्या कवळीने कुठे तरी टोचणे हे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. त्यात कवळी करणाऱ्याची हयगय असतेच असे नाही. माप घेताना हिरडी स्थिर असते, चावताना ती दबते. कुठे दाब अधिक पडतो हे वापरल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात दोन-तीन वेळा येणे हा उपचाराचाच भाग आहे.

फार दुखत असेल तर कवळी काढून ठेवावी आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. परंतु आमच्याकडे येण्यापूर्वी, सोसवेल तेवढे काही तास कवळी लावून यावे. कवळी आठवडाभर काढून ठेवली की हिरडीवरचा लाल व्रण नाहीसा होतो आणि नेमके कुठे घासायचे हे आम्हांला दिसत नाही.

घरी कानस, ब्लेड किंवा पॉलिश पेपर घेऊन कवळी घासण्याचा मोह कृपया टाळावा. नको तिथे एक मिलिमीटर गेला की साऱ्या कवळीची पकड जाते. तसेच मोडलेली कवळी झटपट चिकटवणाऱ्या गोंदाने जोडू नये. तुकडे किंचित जरी वाकडे जोडले गेले तरी पुढे ती नीट सांधता येत नाही, शिवाय तो पदार्थ तोंडात जाण्याजोगा नाही. सर्व तुकडे, अगदी निखळलेला एखादा दातसुद्धा, पुडीत बांधून आणावेत. बहुतेक कवळ्या सांधता येतात.

सैल होणे

“तीन वर्षे छान होती, आता बोलताना खाली येते.” ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. कवळी बदललेली नसते. आपला जबडा बदललेला असतो. दात काढल्यावर त्याला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते आणि नंतर मंद गतीने आयुष्यभर चालू राहते. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते, असे दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांतून १९७२ साली प्रसिद्ध झाले आणि आमचा रोजचा अनुभवही त्याच दिशेचा आहे. दात काढल्यावर लगेच बसविलेली कवळी तर काही महिन्यांतच सैल होते.

यावर कवळीखाली कापूस, कागद किंवा कापड घालणे हा उपाय नव्हे. त्याने हिरडीवर विषम दाब पडतो आणि झीज वाढते. योग्य उपाय म्हणजे कवळीला आतल्या बाजूने नव्या मापाचा थर देणे, ज्याला आम्ही रिलायनिंग म्हणतो. नव्या कवळीपेक्षा त्यास खर्च कमी येतो. साधारण पाच-सात वर्षांनी मात्र कवळीचे दात झिजलेले असतात. नाक आणि हनुवटी जवळ येऊ लागतात, ओठांच्या कोपऱ्यांत घडी पडून ती सतत ओली राहते आणि तेथे भेगा पडतात. अशा वेळी नवी कवळी करणेच हिताचे.

चिकटवण्याची पेस्ट किंवा पावडर बाजारात मिळते. चांगल्या बसणाऱ्या कवळीला ती थोडी मदत करते. वाईट बसणाऱ्या कवळीचा दोष ती झाकते. ती वापरायचीच तर मोजक्या ठिकाणी, वाटाण्याएवढी. जस्त असलेली पेस्ट वर्षानुवर्षे भरमसाट वापरल्याने शरीरातील तांबे कमी होऊन हातापायांच्या मज्जातंतूंना इजा झाल्याची उदाहरणे २००८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेव्हा पेस्ट जस्तविरहित आहे ना, हे पाहून घ्यावे. आणि नळी भराभर संपू लागली, तर दुकानाऐवजी दवाखान्यात यावे.

तोंड कोरडे पडले तरी कवळी सुटते, कारण पकड लाळेची असते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील काही औषधांनी आणि मधुमेहानेही तोंडास कोरड पडते. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. आपल्या डॉक्टरांना सांगावे. दिवसभर घोट घोट पाणी प्यावे आणि कवळी लावण्यापूर्वी ती ओली करून घ्यावी.

स्वच्छता आणि रात्रीची विश्रांती

कवळीला कीड लागत नाही, म्हणून तिला स्वच्छतेची गरज नाही, हा समज सर्वदूर आहे आणि तो चुकीचा आहे. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून धुवावी व चूळ भरावी. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासावी. टूथपेस्ट, राखुंडी, कोळसा वापरू नये. त्यांनी बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत जंतू घर करतात. उकळते पाणी कदापि वापरू नये, ॲक्रिलिक वाकते. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले किंवा घडी केलेला टॉवेल ठेवावा. मोरीच्या फरशीवर पडून मोडलेल्या कवळ्या आमच्याकडे नेहमी येतात. स्वच्छतेच्या गोळ्या पाण्यात विरघळवण्यासाठी आहेत, तोंडात ठेवण्यासाठी नाहीत. कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू आणि जीभही मऊ ब्रशने किंवा ओल्या फडक्याने पुसावी.

आणि रात्री कवळी काढून ठेवावी. दिवसभर दबलेल्या हिरडीला विश्रांती हवी असते. काढलेली कवळी कोरडी न ठेवता स्वच्छ पाण्याच्या भांड्यात ठेवावी. रात्रंदिवस कवळी लावून ठेवणाऱ्यांच्या टाळूवर लाल चट्टा उमटतो. तो बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. बुरशीचा हा संसर्ग आहे. कवळीची स्वच्छता, रात्रीची विश्रांती आणि गरज पडल्यास औषध यांनी तो बरा होतो. ओठांच्या कोपऱ्यांतील भेगाही पुष्कळदा याच बुरशीमुळे असतात. कधी लोह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे कारण असते, म्हणून रक्ततपासणी करावी लागते.

रात्रीच्या या नियमाचे आणखी एक गंभीर कारण आहे. जपानमध्ये पंच्याऐंशी वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ५२४ वृद्धांची तीन वर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. झोपेत कवळी लावून ठेवणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

कवळी सैल असताना, विशेषतः एक-दोन दातांची लहान कवळी असताना, ती झोपेत गिळली जाण्याचेही भय असते. ॲक्रिलिक साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही, म्हणून अशी कवळी शोधणे कठीण जाते. शस्त्रक्रियेपूर्वी कवळी काढून नातेवाइकांच्या हाती द्यावी, तीही नाव लिहिलेल्या डबीत. उशीखाली किंवा कागदात गुंडाळून ठेवलेली कवळी चादरीबरोबर धुलाईला आणि कागदाबरोबर कचऱ्यात जाते. गोदावरीत बुडी मारण्यापूर्वीही कवळी काढून डबीत ठेवावी, एवढे पर्वणीला जाणाऱ्यांस सांगून ठेवतो.

दात नसले तरी तोंड आहे

‘आता दातच नाहीत, मग दंतवैद्याकडे कशाला जायचे?’ हा प्रश्न आम्हांस सर्वांत अधिक काळजीत टाकतो. आपल्या भागात तंबाखू आणि मशेरीचे प्रमाण मोठे आहे. दात गेल्यावरही कित्येक आया-बहिणी हिरडीला मशेरी लावतात. तोंडाचा कर्करोग आपल्या देशात फार आढळतो आणि प्रारंभी तो बहुधा दुखत नाही. कवळीखालची न भरणारी जखम ‘कवळी टोचते’ या नावाखाली महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहते. नियम सोपा आहे. कवळी घासून दिल्यावर, किंवा काढून ठेवल्यावरही, दोन आठवड्यांत जखम भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा गेला नाही, गाठ लागली किंवा तोंड कमी उघडू लागले, तर त्वरित तपासणी करावी आणि तुकडा काढून तपासण्यास घाबरू नये. यांपैकी काहीही नसले, तरी वर्षातून एकदा तोंड दाखवावे.

ज्यांचे काही दात शिल्लक आहेत, त्यांनाही एक विनंती. “सगळेच काढून टाका डॉक्टर, कटकट नको,” असे म्हणण्याची घाई करू नये. दोन मजबूत मुळे जरी वाचवता आली, तरी त्यांच्याभोवतीचे हाड टिकते आणि वरून बसवलेली कवळी अधिक स्थिर राहते. ज्यांच्या खालच्या जबड्याचे हाड फार झिजले आहे, त्यांना दोन इम्प्लांट बसवून त्यांवर खालची कवळी अडकवण्याचा मार्ग आहे. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी याच उपचाराला पहिली पसंती दिली. आपल्याकडे खर्चामुळे तो सर्वांना परवडत नाही, आणि मधुमेह आटोक्यात नसेल किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे चालू असतील, तर आधी नीट विचार करावा लागतो. म्हणून साधी कवळी, पण नीट बसलेली, हेच आमच्या बहुसंख्य रुग्णांचे साधन आहे आणि पुढेही राहील.

घरच्या मंडळींस दोन शब्द

कवळीची गोष्ट तोंडापुरती नसते. पंगतीत सर्वांचे जेवण उरकते आणि आजोबा एकटेच चावत राहतात. मग ते संकोचाने अर्धपोटी उठतात. पुढे ‘मला भूक नाही’ असे सांगू लागतात. उसळी, कोशिंबिरी, शेंगदाणे सुटतात आणि चहा-बिस्किटांवर दिवस निघतो. वजन उतरते, अशक्तपणा येतो आणि घरचे म्हणतात, वय झाले. कित्येकदा वय झालेले नसते, कवळी रुतत असते. तेव्हा सुनांना, मुलांना, नातवंडांना आमचे सांगणे आहे : त्यांच्या जेवणाला अर्धा तास अधिक द्या, त्यांच्याजवळ बसा, आणि महिन्यातून एकदा आपणहून विचारा, “आजी, दात टोचत नाहीत ना?” वडीलधारी माणसे मुलाच्या खिशाकडे पाहून गप्प बसतात. त्यांना बोलते करणे हे आपले काम आहे.

खर्चाची चिंता असेल तर मार्ग आहेत. पंचवटीतील दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्या शहरातच आहे. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांत चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांबरोबर कवळीचाही समावेश केलेला आहे. आणि आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करण्यास कोणीही संकोच बाळगू नये.

आमचा नवा नियम

बाबांच्या त्या डब्याने आम्हांस जे शिकवले, त्यावरून विभागाने काही नियम स्वतःला घालून घेतले आहेत. कवळी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने आणि सहा महिन्यांनी तपासणी. या तारखा कार्डावर आधीच लिहून दिल्या जातात. ज्या गावी पुन्हा जाण्याची तारीख ठरलेली नाही, त्या गावी कवळ्यांचे शिबिर घेतले जात नाही. तपासणीस न येणाऱ्याची चौकशी गावच्या आशा सेविकेमार्फत केली जाते. आणि ‘कवळी कशी आहे?’ असा प्रश्न आम्ही विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर ‘चांगली आहे’ असेच मिळते. ‘काल रात्री काय जेवलात?’ असे विचारतो. त्या उत्तरातून सारे कळते.

देणगीदारांना येथे एक नम्र विनंती करावीशी वाटते. नव्या कवळीसाठी देणगी देण्यास पुष्कळ जण पुढे येतात; त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण थर देणे, सांधणे, कडा घासणे, गावोगावी पुन्हा जाणे यांसाठीही निधी लागतो. त्या कामाची छायाचित्रे निघत नाहीत आणि समारंभही होत नाही. दिलेली कवळी तोंडात राहते ती मात्र याच कामामुळे. यापुढे आपल्या देणगीचा काही भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याची अनुमती आपण द्यावी.

शेवटी त्या बाबांविषयी. त्याच दिवशी खालच्या कवळीची कड घासून दिली. पंधरवड्याने त्यांना रुग्णालयात बोलावून वरच्या कवळीला आतून नवा थर दिला. त्यानंतरच्या तपासणीला ते आले, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे विचारले, “बाबा, काल रात्री काय जेवलात?” ते म्हणाले, “अर्धी भाकर, मेथीची भाजी, अन् चार शेंगदाणे. दाणे जरा येळ घेत्यात.” डब्याचे काय केले, असे विचारल्यावर म्हणाले, “हाय की. राती पाणी घालून त्यातच ठेवतो.”

आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा डबा असेल, त्यांनी तो उद्या सकाळी घेऊन यावे. कवळी कोणी केली, किती वर्षांपूर्वी केली, हे आम्ही विचारणार नाही.